परदेशातील हॉटेलची नोकरी आणि तिचा व्हिसा

परदेशातल्या हॉटेलात व्यवस्थापकाची नोकरी कशी मिळते, हा प्रश्न वीस-पंचवीस वर्षांपूर्वी सायखेड्यासारख्या गावात सहसा कोणी विचारला नसता. गोदेच्या काठचे आमचे गाव. येथे बोलणे निघायचे ते कांद्याच्या भावाचे, द्राक्षावरच्या रोगाचे आणि पुराच्या पाण्याचे. आज मात्र सायखेड्याच्या उपबाजारात कांद्याचा ट्रॅक्टर लावून लिलावाची वाट पाहत बसलेला बाप सरळ विचारतो, "सर, पोराचं हॉटेल मॅनेजमेंट झालंय. त्याला बाहेरचा व्हिसा किती दिवसांत मिळेल?" आणि लगेच दुसरा प्रश्न : "किती लाख लागतात?"

मी महाविद्यालयात शिकवतो, व्हिसाच्या कचेरीत नव्हे. पण विद्यार्थी कागद घेऊन येतात, त्यांचे वडील येतात, आणि ते कागद वाचता वाचता या विषयाची थोडीफार माहिती करून घ्यावी लागली. तीच येथे सांगतो आहे.

त्या बापाच्या दोन्ही प्रश्नांत एक समजूत दडलेली आहे. व्हिसा ही मोल देऊन आणायची वस्तू आहे, असे तो धरून चालला आहे. वस्तुतः कुशल कामगाराचा जो व्हिसा असतो, तो एका ठरावीक जागेसाठी असतो. कोणत्या मालकाकडे, कोणत्या कामावर, किती पगारावर, आणि त्या कामाची पात्रता उमेदवाराजवळ आहे याला पुरावा काय, ही चार उत्तरे एकमेकांशी जुळली की व्हिसा मिळण्याचा संभव. एक जरी उत्तर जुळले नाही, तरी बाकीची तीन कितीही चांगली असोत, अर्ज परत येतो. एजंट फार तर ही उत्तरे कागदावर नीट मांडून देईल. नसलेले उत्तर तो निर्माण करू शकत नाही. निर्माण केलेच, तर ते खोटे असते आणि भोगावे लागते अर्जदाराला.

तसे पाहिले तर या धंद्यात परदेशी जाणे आपल्या किनाऱ्याला नवे नाही. गोव्याचे तारवटी इंग्रजांच्या आगबोटींवर आचारी आणि स्टुअर्ड म्हणून पिढ्यान् पिढ्या गेले. मुंबईत धोबी तलावाच्या आसपास त्यांचे गावोगावचे 'कूड' होते. बोट मिळेपर्यंत माणूस तेथे उतरायचा. त्या काळी माणसाचे कौशल्य बोटीवरच्या भटारखान्यात पारखले जाई. पुढे १९५४ साली लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल व्यवसायाचे शिक्षण देणारी संस्था निघाली. तीच आज दादरला आहे. तेव्हापासून या कामाला प्रमाणपत्र आले. आता तर पारख आधी कागदावर होते आणि भटारखाना पुढे दिसतो. तारवट्याला जे हाताने सिद्ध करता येत होते, ते आजच्या मुलाला दाखल्याने सिद्ध करावे लागते. आमच्या मुलांची गाडी नेमकी येथेच अडते. पण त्याकडे वळण्यापूर्वी कोणत्या देशाचे दार कितपत उघडे आहे, ते पाहू.

प्रथम ब्रिटनचे सांगतो, कारण आपल्याकडे सर्वांत अधिक फसवणूक याच नावावर चालते. युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनने १ डिसेंबर २०२० पासून 'स्किल्ड वर्कर' नावाचा व्हिसा सुरू केला. सरकारी परवाना असलेल्या मालकाने उमेदवाराला पुरस्कृत करायचे, त्याच्या नावे एक क्रमांकित प्रमाणपत्र काढायचे, आणि उमेदवाराने त्या क्रमांकावर अर्ज करायचा, अशी ती पद्धत. हॉटेलचा व्यवस्थापक, उपाहारगृहाचा व्यवस्थापक, शेफ ही तिन्ही कामे तेव्हा यादीत होती. सर्वसाधारण पगाराची अट वर्षाला २५,६०० पौंडांची होती. ती ४ एप्रिल २०२४ रोजी ३८,७०० वर गेली आणि २२ जुलै २०२५ रोजी ४१,७०० वर. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट झाली, आणि ती पगारापेक्षा महत्त्वाची आहे : ज्या कामाची पातळी पदवीची आहे, अशीच कामे सामान्यतः या व्हिसासाठी धरली जातील, असा नियम आला. हॉटेल-व्यवस्थापकाचे काम ब्रिटनच्या वर्गवारीत त्या पातळीच्या खाली आहे. शेफचेही. त्यामुळे नव्याने जाऊ पाहणाऱ्याला ही वाट बंद झाली.

येथे पालक हमखास गोंधळतात. "पण आमच्या मुलीकडे पदवी आहे ना!" असे ते म्हणतात. आहे, खरे आहे. परंतु ब्रिटनचा नियम मुलीची पातळी विचारत नाही, कामाची विचारतो. मुलगी एम.ए. असली तरी हॉटेलच्या व्यवस्थापकाची जागा त्या तक्त्यात वर चढत नाही. तेव्हा जो कोणी आज "लंडनला हॉटेल मॅनेजरचा स्किल्ड व्हिसा, पंधरा लाख" असे सांगेल, त्याला ही २२ जुलै २०२५ ची तारीख सांगावी आणि तो काय बोलतो ते ऐकावे. पुरस्काराच्या प्रमाणपत्राचा खर्च कामगाराकडून वसूल करण्याला तर ब्रिटनने ३१ डिसेंबर २०२४ पासून मनाईच केली आहे. परवानाधारक मालकांची यादीही तेथील सरकार खुली ठेवते. नाव शोधायला पैसा पडत नाही.

ब्रिटनची एक लहान खिडकी मात्र राहिली आहे. २०२३ च्या फेब्रुवारीत भारत आणि ब्रिटन यांच्यात तरुण व्यावसायिकांची योजना सुरू झाली. अठरा ते तीस वयाच्या पदवीधरांना दोन वर्षे तेथे राहून काम करता येते, मालकाची पुरस्कृती लागत नाही, पण खात्यात २,५३० पौंड दाखवावे लागतात. वर्षाला जागा सुमारे तीन हजार, आणि निवड सोडतीने. सोडतीत नाव घालायला फी नाही. म्हणजे सोडतीत नाव काढून देतो म्हणणारा माणूस कोणत्या जातीचा, हे सांगायला नको.

आता जर्मनी. याबद्दल आपल्याकडे विशेष कुतूहल आहे, आणि त्याला कारणही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. ११ जुलै २०२४ च्या शासन निर्णयात दहा हजार तरुणांचा आकडा होता, आणि कामांच्या यादीत परिचारिका, वीजतंत्री, चालक यांच्याबरोबर वेटर, स्वागतकक्षातील कर्मचारी, आचारी, हॉटेल-व्यवस्थापक हेही होते. गावात बातमी पोहोचली ती अशी, की "सरकारच जर्मनीला धाडतंय." असा करार ओळख करून देतो, प्रशिक्षणाची सोय करू शकतो, व्हिसाच्या अटी मात्र जर्मनीच्या कायद्यानेच ठरतात आणि करारामुळे त्यांतली एकही सैल होत नाही. त्या अटी प्रत्येकाने स्वतः समजून घ्याव्यात, हे बरे.

त्यांचा कुशल कामगारांचा कायदा १ मार्च २०२० पासून अमलात आहे आणि नोव्हेंबर २०२३ पासून तो टप्प्याटप्प्याने सोपा करण्यात आला. हॉटेल-व्यवसायाच्या मुलामुलींना त्यातून निरनिराळ्या वाटा निघतात. पहिली वाट मान्य पदवीची. आपली पदवी आणि ती देणारे विद्यापीठ जर्मनीच्या लेखी मान्य आहे की नाही, हे 'अनाबिन' नावाच्या त्यांच्या सूचीत पाहता येते. विद्यापीठापुढे 'एच' आणि अधिकचिन्ह असेल तर ते मान्य समजावे. पदवीबद्दल शंका असल्यास बॉन येथील कार्यालयाकडून समकक्षतेचे पत्र मागवता येते. त्याची फी २०८ युरो. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयातून घेतलेली बी.एस्सी. हॉस्पिटॅलिटी किंवा बी.एच.एम.सी.टी. ही पदवी येथे उपयोगी पडू शकते. उलट, एखाद्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर चालणाऱ्या आणि कोणत्याही विद्यापीठाशी वा मंडळाशी संलग्न नसलेल्या संस्थेचा 'आंतरराष्ट्रीय डिप्लोमा', त्यावर सोनेरी मोहोर असली तरी, येथे निरुपयोगी. प्रवेश घेतानाच हा विचार व्हायला हवा, पण तेव्हा कोणी विचारत नाही.

पदवी मान्य झाली की पुढची गोष्ट आनंदाची आहे. नोव्हेंबर २०२३ पासून मान्य पदवीधराला कोणत्याही कुशल कामावर जाता येते. काम त्याच्या शिक्षणाशी तंतोतंत जुळलेच पाहिजे, असे राहिले नाही. म्हणजे 'मॅनेजर' हा शब्द नेमणूकपत्रावर असण्याची गरज नाही. स्वागतकक्षात किंवा भोजनविभागात प्रशिक्षित कर्मचाऱ्याची जागा असली तरी पुरते. पगार तेथील माणसाला त्या कामासाठी जो मिळतो त्याहून कमी नाही ना, एवढे त्यांचे रोजगार खाते तपासते. मला तर वाटते, तेवीस वर्षांच्या, कामाचा अनुभव नसलेल्या मुलाच्या हाती 'जनरल मॅनेजर' असे नेमणूकपत्र पडले, तर प्रथम त्या पत्राचाच संशय घ्यावा. बायोडाटात मोठा हुद्दा लिहिण्याची जी हौस आपल्याकडे आहे, ती येथे घात करते.

'ब्लू कार्ड' हे नाव सगळ्यांच्या तोंडी असते. त्यासाठी २०२६ साली वर्षाला ५०,७०० युरो पगाराची अट आहे. ज्याची पदवी तीन वर्षांच्या आतली आहे त्याला ती सुमारे ४५,९३४ युरो. हॉटेलच्या धंद्यात सुरुवातीच्या माणसाला एवढा पगार क्वचितच मिळतो, म्हणून त्याच्या मागे लागण्यात फारसा अर्थ नाही. आणखी एक वाट अनुभवाची आहे. गेल्या पाच वर्षांत निदान दोन वर्षे त्या कामाचा अनुभव, आपल्या देशात सरकारमान्य असलेली पदवी किंवा निदान दोन वर्षांचे प्रशिक्षण, आणि २०२६ साठी ४५,६३० युरोंचा पगार. नाशिकच्या किंवा पुण्याच्या मोठ्या हॉटेलात आठ-दहा वर्षे काढलेल्या माणसाने हिचा विचार करावा. ज्यांच्याकडे पदवी नसून सरकारमान्य पदविका आहे, त्यांना न्यूरेम्बर्ग येथील व्यापारी मंडळांच्या कार्यालयाकडून आपले प्रशिक्षण जर्मन प्रशिक्षणाशी ताडून घ्यावे लागते. पूर्ण नाही, पण काही अंशी जुळले, तर उरलेला भाग तेथे जाऊन पुरा करण्याचीही तरतूद आहे.

बारावी झालेल्या मुलांसाठी मला सर्वांत सरळ वाटते ती 'आउसबिल्डुंग'ची वाट, म्हणजे उमेदवारी. तीन वर्षे हॉटेलात काम करायचे, आठवड्यातले काही दिवस किंवा वर्षातले काही आठवडे व्यवसायशाळेत बसायचे, आणि या काळात मालकाकडून विद्यावेतन घ्यायचे. ऑगस्ट २०२२ पासून त्यांनी या क्षेत्रातले अभ्यासक्रम नव्याने आखले. त्यांत हॉटेल-व्यवस्थापनाच्या व्यापारी बाजूचाही एक आहे. अट मुख्यतः भाषेची : जर्मन 'बी-१' पातळीपर्यंत यायला हवी. मुंबई-पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनाची परीक्षा यासाठी चालते. शून्यापासून तेथवर पोहोचायला नेमाने अभ्यास करणाऱ्यालाही आठ महिने ते वर्ष सहज लागते. "तीन महिन्यांत बी-१" अशा पाट्या मी नाशिकला पाहिल्या आहेत. तीन महिन्यांत आपला मुलगा मराठी शुद्धलेखनही सुधारत नाही!

इतर वाटांवर कायदा भाषेची सक्ती प्रत्येक ठिकाणी करत नाही, हे खरे. पण हॉटेलात पाहुण्याशी बोलायचे असते. मालकच भाषा मागतो.

एक इशारा येथेच देऊन ठेवतो. १ जून २०२४ पासून जर्मनीने 'संधी-पत्र' सुरू केले आहे. ते नोकरी शोधण्यासाठी आहे. एक वर्षापर्यंत राहता येते, आठवड्याला वीस तास अर्धवेळ काम करता येते, आणि खर्चासाठी २०२५ च्या हिशेबाने महिन्याला १,०९१ युरोंची सोय आधी दाखवावी लागते. काही मंडळी हेच 'नोकरीचा व्हिसा' म्हणून विकतात. वर्ष संपले, नोकरी मिळाली नाही, तर परत यावे लागते, हे सांगत नाहीत.

आखाताबद्दल थोडक्यात. दुबई, अबूधाबीकडे आपली पुष्कळ मुले आहेत, आणि तिकडची पद्धत तुलनेने सोपी आहे : कामाचा परवाना मालक काढतो, प्रवेशपत्र मालक पाठवतो, तेथे पोहोचल्यावर वैद्यकीय तपासणी आणि ओळखपत्र होते. संयुक्त अरब अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्याने भरतीचा खर्च कामगारावर टाकायला बंदी आहे. व्यवस्थापनाच्या जागेसाठी पदवी साक्षांकित करून लागते. आधी राज्य शासन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा वकिलात-विभाग, असा तो क्रम. काही देशांसाठी कागदाला 'अपोस्टिल' म्हणून जी मोहोर लागते, ती २००५ पासून आपले परराष्ट्र मंत्रालय देते. पर्यटकाच्या व्हिसावर आधी चला, तिकडे गेल्यावर पालटून घेऊ, असे जो सांगेल त्याच्याबरोबर जाऊ नये. जमले तर जमले. न जमल्यास माणूस परक्या देशात बेकायदा ठरतो आणि पासपोर्ट बहुधा दुसऱ्याच्या कपाटात असतो.

आता ज्या कागदांचा उल्लेख आधी केला, त्यांच्याकडे वळू. परदेशी अधिकारी अर्जदाराला सहसा पाहत नाही. तो कागद पाहतो, आणि दोन कागदांवर एकाच माणसाची दोन नावे दिसली की थांबतो. आपल्याकडे हे दर घरी आहे. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचे नाव, मग वडिलांचे. पासपोर्टात आडनावाचा रकाना वेगळा, नावाचा वेगळा. वडिलांचे नाव कोणी घालतो, कोणी गाळतो. आधार कार्डावर तिसरीच तऱ्हा. मुलीचे लग्न झाले असेल तर आडनाव बदललेले, कधी सासरी नावही बदललेले. इंग्रजी अक्षरलेखन तर दैवाच्या हवाली : एकाच घरात 'दीपक'चा 'दी' दोन तऱ्हांनी लिहिलेला मी पाहिला आहे. हे सारे दुरुस्त होते. राजपत्रात नाव जाहीर करता येते, मंडळाकडे अर्ज करता येतो, पासपोर्ट नव्याने काढता येतो. पण त्याला महिने लागतात, आणि नेमणूकपत्र हातात आल्यावर एवढे महिने हाती नसतात. दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर अन् अक्षर ताडून पाहणे, हे काम आजच संध्याकाळी घरी करता येईल. फी नाही.

दुसरी उणीव अनुभवाच्या पुराव्याची. नाशिकच्या महामार्गावर किंवा गंगापूर धरणाकडच्या द्राक्षमद्याच्या पर्यटनामुळे निघालेल्या हॉटेलांत आमची मुले राबतात, काम शिकतात, काही तर उत्तम करतात. पण पगार रोख हातात घेतात. पगारपत्रक नाही, भविष्यनिर्वाह निधीचे खाते नाही, नेमणूकपत्र नाही. चार वर्षांनी मालक "अत्यंत होतकरू व प्रामाणिक" असे एक पत्र देतो. त्यात कामाचे स्वरूप नाही, तारखा नाहीत, हाताखाली किती माणसे होती ते नाही. जर्मन अधिकाऱ्याला होतकरूपणाचे काय करायचे? त्याला हवे असते ते हे, की अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अमुक विभागात, अमुक काम. निधीच्या खात्याचा उतारा आणि बँकेत जमा झालेला पगार हे त्याला सर्वांत पटतात. म्हणून पहिल्या नोकरीपासून पगार बँकेतून मागावा. हजार-पाचशे कमी मिळाले तरी चालेल. मी वर्गात हे सांगतो तेव्हा मुले हसतात. त्यांना ते म्हाताऱ्याचे बोलणे वाटते.

राहिला पैसा. आपल्या १९८३ च्या परदेशगमनाच्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरती करणाऱ्याला केंद्र सरकारचा परवाना लागतो. परवानाधारकांची नावे 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर आहेत. उमेदवाराकडून त्याने घ्यायचा मोबदला तीस हजार रुपये आणि त्यावरचा वस्तू व सेवा कर एवढाच, आणि तोही पावती देऊन. जर्मनीच्या दीर्घ मुदतीच्या व्हिसाची फी आहे ७५ युरो. या आकड्यांशेजारी गावात बोलले जाणारे आठ-दहा लाख ठेवून पाहा. मधली रक्कम कशाची? आमच्या परिसरातल्या एका कुटुंबाने द्राक्षबागेवर कर्ज काढून अशी रक्कम एका मध्यस्थाला दिली. मुलाच्या हाती आले ते एका हॉटेलच्या नावाचे पत्र, आणि त्यावरचा ई-मेलचा पत्ता फुकट मिळणाऱ्या सेवेचा. त्या हॉटेलच्या खऱ्या संकेतस्थळावरून चौकशी केली, तर अशी जागाच निघालेली नव्हती. मुलगा आता नाशिकलाच कामाला आहे. कर्जाचे हप्ते बाप भरतो आहे.

अशा पत्राची पारख घरबसल्या करता येते. हॉटेलच्या स्वतःच्या पत्त्यावर आपण होऊन लिहावे. पत्रात दिलेल्या नंबरावर विचारून उपयोग नाही, तेथे मध्यस्थाचाच माणूस बसलेला असतो. समोरासमोर किंवा दृश्य-संभाषणाने मुलाखत झाली होती काय, हे मुलाला विचारावे. मुलाखत न घेता व्यवस्थापक नेमणारे हॉटेल मी अजून ऐकलेले नाही.

करार आला, की तो सह्या करण्याआधी वाचावा. आठवड्याचे तास किती, जादा कामाचा हिशेब कसा, राहायला खोली हॉटेल देणार असेल तर तिचे भाडे पगारातून कापणार काय, पगार कर जाऊन किती उरतो, नोकरी सोडायची तर किती दिवस आधी सांगायचे, हे पाहावे. करार जर्मन भाषेत असेल तर भाषांतर करून घ्यावे. व्हिसा या जागेशी बांधलेला असल्यामुळे नोकरी मध्येच सुटली तर तेथील परकीय नागरिकांच्या कचेरीला ते मुदतीत कळवावे लागते. लपवून ठेवले तर पुढचे सगळे बिघडते. निघण्यापूर्वी या साऱ्या कागदांची एक प्रत घरी ठेवून जावी. सायखेड्यात ठेवणार असाल तर माळ्यावर ठेवा. २०१६ आणि २०१९ च्या पुरात गोदेचे पाणी गावात शिरले होते, आणि खालच्या कपाटातले कागद वाळवत बसणे फार कंटाळवाणे असते.